घशातील झाकण सुजते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



घसा दुखणे ही आपल्या घरातली नित्याची तक्रार. हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या, की दोन दिवसांत माणूस बरे होते. परंतु घशाचे एक दुखणे असे आहे की त्यात हे घरगुती उपचारच जिवावर बेततात. त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

जिभेच्या मुळाशी पानाच्या आकाराचे एक लवचिक झाकण असते. घास गिळताना ते श्वासनळीचे तोंड झाकते. डॉक्टर त्याला एपिग्लॉटिस म्हणतात. पडजीभ ती वेगळी; हे तिच्याही खाली असते. जंतूंमुळे ते एकाएकी सुजले, तर काही तासांतच श्वासाची वाट बंद होऊ शकते.

ओळखावे कसे? ताप झपाट्याने चढतो. थुंकीही गिळवत नाही, लाळ गळते. तोंडात घास धरून बोलावे तसा आवाज दबतो. खोकला बहुधा नसतो. मूल आडवे होत नाही; हनुवटी पुढे काढून, तोंड उघडे ठेवून वाकून बसते. श्वास आत घेताना कर्कश आवाज येतो. मोठ्या माणसांत पुष्कळदा घसा वरून साधाच दिसतो, वेदना मात्र असह्य असतात.

अशा वेळी मुलाला आईच्या मांडीवर, त्याला सोसेल तसे बसू द्यावे. निजवू नये, रडवू नये. चमच्याने जीभ दाबून घसा पाहू नये. पडजीभ उचलण्यासाठी बोट तर मुळीच घालू नये. काढा, पाणी काही पाजू नये. 108 ला फोन करून तडक निघावे. साक्री असो की चोपडा, धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. वाट लांब असेल तर जवळच्या रुग्णालयात प्राणवायू मिळवावा आणि तेथूनच पुढे कळवावे.

पोचताच "लाळ गळते आहे, श्वासाला आवाज आहे," हे आधी सांगावे. डॉक्टर लगेच घसा तपासत नाहीत, सुई टोचत नाहीत, म्हणून रागावू नये. मूल रडले तर वाट बंद होण्याचे भय असते. भूलतज्ज्ञ व घशाचे शल्यवैद्य सज्ज झाले, की श्वासनळीत नळी घालतात. ती न गेल्यास गळ्याला छेद देऊन वाट करतात. मग शिरेतून जंतुनाशक औषध देतात. सूज उतरली, की बहुधा थोड्याच दिवसांत नळी निघते. गळ्याच्या छेदाला नातेवाईक घाबरतात. पण तोच जीव राखतो.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन 14 डिसेंबर 1799 रोजी घशाच्या दुखण्याने वारले. ते हेच असावे, असे पुष्कळ वैद्यांचे मत आहे. त्यांना काकवी, शिरका व लोणी यांचे मिश्रण पाजू लागताच त्यांचा जीव गुदमरला. वैद्यांनी वारंवार रक्त काढले. एका तरुण वैद्याने गळ्याला छेद देण्याचे सुचविले, ते इतरांनी मानले नाही.

आज आपल्या हाती लसही आहे. मुलांतील या रोगाचे मुख्य कारण असलेल्या हिब जंतूवरील लस पंचगुणी लसीत येते. सरकारी कार्यक्रमात ती 2011 साली केरळ व तामिळनाडूत सुरू झाली आणि पुढे देशभर पोचली. बाळाच्या सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती मोफत मिळते. मात्र इतर जंतूंमुळेही हे दुखणे होते, आणि मोठ्यांनाही होते. म्हणून लस झाली तरी खुणा विसरू नयेत.

भगिनींनो, आपल्या आळीत नुकत्याच बाळंत झालेल्या प्रत्येक लेकीसुनेला एवढे अवश्य सांगा: लाळ गळते, मूल निजत नाही, श्वास वाजतो, मग घसा पाहत बसू नका, निघा.