रक्ताची साक्ष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



हृदयविकारावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय अफाट आहे. आम्ही त्यातील एकाच गोष्टीपुरते बोलणार आहोत. छातीत दुखू लागल्यावर जे रक्त तपासतात, त्याच्या साक्षीवर विश्वास किती व केव्हा ठेवावा?

रक्तपुरवठा तुटून हृदयाचा स्नायू मरू लागला, म्हणजे त्याच्या पेशींतील द्रव्ये रक्तात उतरतात. १९५४ साली न्यूयॉर्क येथील लाड्यू, व्रोब्लेव्स्की व कार्मेन यांनी झटक्यानंतर ट्रान्सअमिनेज नावाचे द्रव्य रक्तात वाढते असे दाखविले. परंतु ते यकृतातही असते, त्यामुळे कावीळ झालेल्या मनुष्याचे रक्तही तीच साक्ष देई! आज ज्यावर भिस्त आहे ते ट्रोपोनिन हे प्रथिन जपानमधील एबाशी यांनी १९६०च्या दशकात शोधले. शोध चालला होता तो स्नायू आकुंचन कसा पावतो याचा. हृदयातील ट्रोपोनिनची घडण हातापायांच्या स्नायूंतील ट्रोपोनिनहून निराळी असते, हे त्याचे मोठे मोल. २००० साली युरोप व अमेरिकेतील हृद्रोगतज्ज्ञांनी झटक्याच्या व्याख्येतच त्यास मानाचे स्थान दिले.

पण हा साक्षीदार उशिरा बोलतो. जुन्या पद्धतीच्या तपासणीत ट्रोपोनिन दिसू लागण्यास तीन-चार तास लागत. नव्या अतिसंवेदनशील तपासणीत ते लवकर कळते, तरीही पहिले रक्त फार लवकर घेतलेले असल्यास एक ते तीन तासांनी पुन्हा घ्यावे लागते. आमच्या घरांतून काय घडते? छातीत कळ येते, 'पित्त असेल' म्हणून ओवा किंवा सोडा दिला जातो. कोणी शहाणा रक्त नेण्यास माणूस घरीच बोलावतो, कागदावर 'निर्दोष' येते, आणि सारे घर निश्चिंत होऊन जेवावयास बसते. तेवढ्यात स्नायू मरत असतो. अशा वेळी रक्ताची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. तेथे दहा मिनिटांच्या आत हृदयाचा आलेख काढणे इष्ट असते, आणि आलेखात झटका स्पष्ट असल्यास डॉक्टर रक्ताच्या उत्तरासाठी थांबत नाहीत. भगिनींविषयी विशेष सांगतो: त्यांना कित्येकदा छातीच्या कळेसोबत धाप, मळमळ किंवा जबड्यात दुखणे होते, आणि सांगण्याचा संकोच त्याहून मोठा असतो.

उलटपक्षी, ट्रोपोनिन वाढले म्हणजे झटकाच, असेही नव्हे. मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसात अडकलेली गुठळी, तीव्र जंतुसंसर्ग यांतही ते वाढते. म्हणूनच एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील चढउतार अधिक बोलका ठरतो.

काही तरुण बंधूंनी विचारले की, दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी काय? झटक्याच्या निदानासाठी तसे करण्यात अर्थ नाही. ती स्नायूस झालेली इजा सांगते. रक्तवाहिनी किती अरुंद झाली आहे, हे सांगत नाही. त्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांचा पूर्वीचा आलेख हाताशी ठेवावा, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लक्षात असावा, आणि कळ किती वाजता सुरू झाली ते लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे. रक्ताचा आकडा वाचताना ते प्रथम तीच वेळ विचारतील.