बाबांची जीप
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला 'जुन्या गाड्यांचा छंद' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. आधीच कबूल करतो, मला असला कुठलाही छंद नाही. मी बँकेतला माणूस. आयुष्यात एकच गाडी उघडली. पण ती तुमच्या डोळ्यांदेखत, आपल्या पार्किंगमध्ये, चौदा महिने उघडी पडली होती, आणि परवानगी घेतली होती तीन महिन्यांची. तेव्हा त्या चौदा महिन्यांचा हिशेब देणं लागतो.

जीप माझ्या बाबांची. महिंद्राची सीजे-थ्री-बी, 1974 चं पेट्रोल मॉडेल. बाबांनी ती 1985 साली सेकंडहँड घेतली. हंगामात आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाटातून कराडला जायचे, येताना कांदे-बटाटे आणायचे. आमचं घर त्या जीपवर चाललं.

मुलांसाठी थोडी माहिती सांगतो. या जीपचं मूळ अमेरिकेतल्या विलीज कंपनीचं. दुसऱ्या महायुद्धात ती जगभर पोचली. आपल्याकडे 1945 साली महिंद्रा अँड मोहम्मद अशी कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. याच कंपनीने आपल्याकडे विलीज जीप जोडायला घेतल्या. थ्री-बीचं बॉनेट एवढं उंच का, असं तुमच्यापैकी एकाने मला विचारलं होतं. आतलं इंजिनच उंच आहे. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. ते मावायला बॉनेट वर उचलावं लागलं.

बाबा 2016 साली गेले. जीप चिपळूणला मामांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. आणि मग आला 22 जुलै 2021. वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पाण्याने चिपळुणात काय केलं, हे इथे कुणाला सांगायला नको. आपल्यातले कितीतरी जण तेव्हा पाणी, चादरी, भाकऱ्या घेऊन गेले होते. मामांच्या घरातली माणसं सुखरूप होती, बाकी सगळं चिखलात. जीप हुडापर्यंत बुडालेली. खरं सांगतो, त्या दिवसांत जीपकडे बघायचीही लाज वाटत होती. लोकांचे संसार गेलेले आणि आपण गाडीचं काय घेऊन बसायचं?

दोन महिन्यांनी भंगारवाल्याने भाव सांगितला. मी हो म्हणून आलो. रात्री जेवताना आई एवढंच म्हणाली, "द्यायची तर दे. पण एकदा उघडून बघ तरी." म्हणून जीप टो करून सावर्ड्याला आली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सर्वसाधारण सभेत विषय निघाला. रॉकेलचा वास येतो, फरशीवर तेल सांडतं, पोरं हात काळे करून घरी येतात. सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या. तरीही सभेने तीन महिने दिले. सगळ्यात मोठ्याने हरकत घेणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनीच आठ दिवसांनी नट-बोल्ट ठेवायला मसाल्याचे जुने डबे आणून दिले. गिअरबॉक्सचे बोल्ट 'जिरं' आणि क्लचचे 'धणे', अशी आमची यादी होती.

माझे गुरू म्हणजे तळमजल्यावरचे काका. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. नाव घ्यायचं नाही असं त्यांनी बजावलंय. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाना हातात दिला नाही, वही दिली. "काय कुठून निघालं ते लिही. जे शेवटी निघालं ते आधी बसतं. बाकी सगळं येतं."

इंजिन फार बिघडलं नव्हतं. दुखणं होतं गिअरबॉक्समध्ये. खालचा प्लग काढला तर आधी पाणी आलं, मग ताकासारखं पांढरट तेल, मग गाळ. तेलात पाणी मिसळलं की ते असं दिसतं आणि बेअरिंगला गंज धरतो. फ्लोअरची पत्रं काढून, प्रोपेलर शाफ्ट सोडवून, गिअरबॉक्स आणि त्याला मागून जोडलेली ट्रान्सफर केस असा सगळा डोलारा चौघांनी मिळून खाली उतरवला. ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद देणारी पेटी. चिखलात अडकल्यावर जो दुसरा खटका ओढतात, तो तिचा.

आता एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यासाठीच मी आज उभा राहिलोय.

लहानपणी मी बाबांच्या शेजारी बसून घाट उतरलोय. उतारावर जीप दुसऱ्या गिअरमध्ये असायची आणि बाबांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर. कुंभार्लीच्या माथ्यापासून पोफळीपर्यंत तो हात हलायचा नाही. मला वाटायचं, ही त्यांची ऐट. मी घरी पाटावर बसून तसाच हात ठेवून गाडी चालवायचो.

काकांनी गिअरबॉक्स रॉकेलने धुतला, दुसऱ्या गिअरचा भाग उजेडात धरला आणि मला म्हणाले, "तुझे वडील उतारावर दांडा धरून ठेवायचे का रे?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी दाखवलं. गिअर आणि सिंक्रो जिथे एकमेकांत अडकतात ते छोटे दात झिजून गोल झालेले. वरच्या झाकणातल्या स्प्रिंगा बसलेल्या. त्या स्प्रिंगांनी दाबलेल्या गोळ्यांवर गिअर जागेवर राहतो. चढावर चालून जातं. पण उतारावर इंजिन गाडीला मागे खेचतं आणि असा झिजलेला गिअर सटकून न्यूट्रलमध्ये येतो. भरलेली जीप, घाट, आणि इंजिनचा रोध गेलेला. मग भार सगळा ब्रेकवर. ती ऐट नव्हती. बाबा हाताने गिअर धरून ठेवत होते. वर्षानुवर्षं.

वर येऊन आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं. काम काढायचं म्हणायचे दरवर्षी. तू तेव्हा कोल्हापूरला शिकायला होतास." आणि परत भाजी निवडायला लागली. यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पण जीप भंगारात द्यायचा विषय त्या दिवशी संपला.

बेअरिंग, सील, सिंक्रोच्या पितळी रिंगा, दुसरा गिअर, स्प्रिंगा असं सगळं जमवायला पुणे-मुंबई-कोल्हापूर पालथं घातलं. दोनदा चुकीचा गिअर आला. इनपुट शाफ्टच्या पोकळीत बारीक रोलर बसतात. ते ग्रीसने चिकटवून बसवायचे, एक पडला की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवस तेच केलं. तेल ओतताना काकांनी जीएल-फोर दर्जाचं 90 नंबरचं आणायला लावलं. काही तेलांतली रसायनं पितळी रिंगा खातात म्हणे.

सगळं बसवून झालं, झाकण लागलं, पेढे आणले. इतक्यात सी विंगमधली पाचवीतली मुलगी एक छोटी पिन घेऊन आली. "काका, ही तुमची का? स्कूटरखाली होती." काकांचा चेहरा उतरला. ती पिन झाकणातल्या दोन दांड्यांच्या मध्ये बसते आणि एका वेळी दोन गिअर पडू देत नाही. ती नसती आणि चालत्या गाडीत दोन गिअर एकदम पडले असते, तर गिअरबॉक्स जाम झाला असता. पेढे बाजूला ठेवले आणि झाकण पुन्हा उघडलं. पहिला पेढा त्या मुलीला दिला.

नोंदणीचं नूतनीकरण झाल्यावर मी आणि काका आधी कुंभार्ली घाटात गेलो. आई मागे बसली होती. उतरताना दुसरा गिअर टाकला. काका म्हणाले, "सोड हात." सोडला. पोफळीपर्यंत गिअर जागचा हलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बाबांची जीप घाट उतरते, हे आईने पहिल्यांदाच पाहिलं.

मंडळी, पंचवीस वर्षं एका आवारात राहिलो की भांडणं होतात, सभा लांबतात. पण माझ्या कामाला डबे दिले ते हरकत घेणाऱ्यांनी, विद्या दिली ती शेजाऱ्यांनी आणि पिन सापडली ती तुमच्या लेकीला. हे काम माझ्या एकट्याच्या नावावर मांडू नका.

तेलाचा डाग अजून फरशीवर आहे. दिवाळीपूर्वी घासून देतो, हे इतिवृत्तात लिहून घ्यावं. आणि रविवारी सकाळी जीप डेरवणला शिवसृष्टीपर्यंत जाते. मागे चार मुलं बसतात. आदल्या दिवशी सांगून ठेवा.