घोडेस्वारांच्या गोष्टी आणि त्या सांगणारे



‘मुलगा अभ्यास सोडून गोष्टीची पुस्तके वाचत बसतो’ ही तक्रार आम्हा शिक्षकांना पालकसभेत नेहमी ऐकू येते. त्यातही पुस्तकात घोडे, बंदुका आणि मारामारी असली की पालक अधिकच धास्तावतात. अमेरिकेच्या पश्चिम भागातील अशा साहसकथांविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे. ही पुस्तके मुलांच्या हातून काढून घेऊ नका, अशी माझी विनंती आहे. मात्र गोष्ट कोण सांगतो आहे, हे विचारण्याची सवय त्यांना अवश्य लावा.

प्रथम थोडा इतिहास. 1862 साली अमेरिकेत एक कायदा झाला. जो पाच वर्षे वस्ती करून जमीन कसेल, त्याला 160 एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली. हजारो कुटुंबे गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली. परंतु ती भूमी ओसाड नव्हती. अपाची, ओसेज अशा अनेक जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. 1492 मध्ये कोलंबसाला आपण पूर्वेकडील इंडीज बेटांवर पोहोचलो असे वाटले, म्हणून या लोकांना ‘इंडियन’ हे नाव चिकटले. म्हणजे नावसुद्धा दुसऱ्यानेच दिलेले! या संघर्षातूनच पुढे साहसकथांचे पीक आले.

यातील एक विलक्षण लेखक म्हणजे जर्मनीचा कार्ल माय. त्याचा जन्म 1842 साली सॅक्सनीतील एका गरीब विणकराच्या घरी झाला. चौदा भावंडांपैकी नऊ बालपणीच दगावली. कार्ल शिकून शिक्षक झाला. पण घड्याळ चोरल्याच्या आरोपावरून तुरुंगात गेला आणि नोकरीला कायमचा मुकला. पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यांत त्याची आणखी काही वर्षे कैदेत गेली. सुटल्यावर मात्र त्याने लेखणी धरली. अपाची सरदार विनेटू आणि त्याचा गोरा मित्र ओल्ड शॅटरहँड यांच्या कथांनी जर्मन मुलांना वेड लावले. पुस्तकांच्या कोट्यवधी प्रती खपल्या. मैत्री, शौर्य आणि दिलेला शब्द पाळणे हे गुण त्या कथांत आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु गंमत अशी, की ‘विनेटू’ 1893 साली प्रसिद्ध झाली तेव्हा मायने अमेरिका पाहिलीच नव्हती. नकाशे, प्रवासवर्णने आणि कोश यांच्या आधारे त्याने घरी बसून सारे लिहिले. आणि वर ‘ओल्ड शॅटरहँड तो मीच’ असे लोकांना सांगितले. तसा पोशाख करून छायाचित्रेही काढून घेतली! 1908 साली तो अमेरिकेस गेला, पण नायगाराच्या परिसरापर्यंतच. खरा पश्चिम भाग त्याने कधी पाहिला नाही. त्यामुळे विनेटूचे लोक कथेत मजल्यांच्या पक्क्या घरांत राहतात. प्रत्यक्षात त्या मेस्कालेरो अपाचींचे जीवन फिरतीचे होते.

आता आपल्या जवळची गोष्ट. याच मायने तुर्की साम्राज्यातील अरब व कुर्द मुलुखांवरही कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत नायकाचा सोबती आहे हाजी हालेफ उमर. शूर, इमानी, बोलका. वाचकाचा तो लाडका होतो. पण हा हाजी प्रारंभी हजला गेलेलाच नसतो! त्याचे वडील आणि आजोबाही गेलेले नसतात. तरी सर्वांच्या नावामागे ‘हाजी’. आपण हे वाचून हसू, कारण आपल्या घरात, शेजारात खरे हाजी आहेत. ज्या मुलाने मुसलमान माणूस कधी पाहिलाच नाही, तो काय समजेल? येथे आपल्याला जसे वाटते, तसेच विनेटू वाचताना अपाची मुलाला वाटत असेल. ही जाणीव मला फार मोलाची वाटते.

तुम्ही म्हणाल, लेखकाने स्वतः पाहून लिहिले की प्रश्न मिटला. तसेही नाही. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेचे बालपण खरोखर त्या गवताळ प्रदेशात गेले. तिचे कुटुंब 1869 च्या सुमारास कॅन्ससमध्ये ओसेज लोकांच्या राखीव भूमीवर जाऊन राहिले. 1871 मध्ये परतले. त्यावरचे पुस्तक 1935 साली आले, तेव्हा ती 68 वर्षांची होती. वडिलांनी लाकडी घर कसे बांधले, हिवतापाने सारे घर कसे अंथरुणाला खिळले, याची वर्णने वाचनीय आहेत. पण त्या मुलुखात माणसे नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचे एक वाक्यही त्यात होते. 1952 साली एका वाचकाने पत्राने हरकत घेतली. प्रकाशकाने ती मान्य केली आणि 1953 च्या आवृत्तीत ‘माणसे’च्या जागी ‘वसाहतवाले’ असा शब्द आला. इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट एका जागरूक वाचकाने सुधारून घेतली!

आणि खरे उत्तर आले ते पुस्तकानेच. ओजिब्वे जमातीच्या लुईज अर्ड्रिक या लेखिकेने 1999 साली ‘द बर्चबार्क हाऊस’ लिहिले. त्यात 1847 सालची ओमाकायस ही सात वर्षांची मुलगी आहे. तिचे घर सुपीरियर सरोवरातील बेटावर आहे. आजीची औषधी, भावाच्या खोड्या आणि देवीच्या साथीने घरावर आलेले संकट, हे सारे घराच्या आतून सांगितलेले आहे. येथे ‘इंडियन’ झाडाआड लपलेला शत्रू नाही. ती कुणाची तरी लाडकी नात आहे.

पालकहो, मुलाच्या हाती साहसकथा दिसली तर रागावू नका. जेवताना एवढेच विचारा: हे कोणी लिहिले? त्याने ते पाहिले होते का? ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांना बोलू दिले आहे का? आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्याविषयी इतरांनी चुकीचे लिहिले म्हणून केवळ खंत करीत बसू नका. हरकतीचे पत्र लिहिणाऱ्या त्या वाचकासारखे जागरूक व्हा. आणि अर्ड्रिकबाईंप्रमाणे आपल्या घरची गोष्ट आपण लिहा. त्यासाठी भाषा चांगली यावी लागते, आणि ती भरपूर वाचनानेच येते.