असडीक की सडीक? आपल्या ताटातील भाताचा विचार
(नशिराबाद येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शेती, व्यापार या विषयांवर बोलावे, ही आपली जुनी प्रथा आहे. स्वयंपाकघरातील एका धान्यासाठी चिटणीसांनी मला अर्धा तास दिला आहे हे जाहीर होताच पुढील रांगेतील काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. खानदेशात येऊन भातावर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे काय, असाच त्या स्मिताचा अर्थ असावा. आणि तो अगदीच गैर नाही. आपले नशिराबाद हे काही भाताचे आगर नव्हे. जळगाव-भुसावळ रस्त्यावरील हे गाव तापीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचे. येथे कापूस पिकतो, केळी पिकते, उडीद-मूग पिकतात आणि रब्बीत दादर ज्वारी डोलते. तांदूळ आपल्याकडे येतो तो घोटी-इगतपुरीकडून, नवापूरकडून किंवा थेट भंडारा-गोंदियाहून.

तथापि पाहुणा म्हणून आलेला हा गृहस्थ आज आपल्या घरात यजमान होऊन बसला आहे, हे आपण पाहतोच. पूर्वी भात सणावाराला, पाहुण्यारावळ्याला किंवा आजाऱ्याला होत असे. आज रात्रीच्या जेवणाला खिचडी टाकली की सुटका झाली, असे कित्येक घरांत झाले आहे. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी अजून आहे, हे आपले भाग्य. परंतु तिच्या शेजारी पुलाव आला, मसालेभात आला, आणि शेवटी साधा भातही आलाच. दुसरीकडे, ज्ञातीतील कोणत्याही दहा घरांत जाऊन विचारा. मधुमेहाची गोळी घेणारे माणूस किती घरांत नाही, हेच मोजणे सोपे जाईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज देण्यात आला. या रोगाचे खापर एकट्या तांदळावर फोडावे असे मी म्हणणार नाही. बसून राहण्याची सवय, साखर, तळण, वाढते वजन, वंशपरंपरा, अशी त्याची अनेक कारणे आहेत. परंतु जे धान्य आपण रोज ताटभर खातो, त्याची चौकशी करण्यास हरकत कोणती?

आपल्या भाषेत यासाठी दोन नेमके शब्द आहेत. साळीचे वरचे तूस काढले, पण आतील दाण्यावरचा तांबूस-करडा कोंडा तसाच राहू दिला, तो असडीक तांदूळ. आणि तो सडून, घासून पांढराशुभ्र केला, तो सडीक. या दोहोंच्या मधला, उखळात मुसळाने थोडासा सडलेला, तो हातसडीचा. शहरी दुकानांत आज ‘ब्राउन राइस’ या नावाने सुंदर पिशवीत जो महाग विकला जातो, तो आपला असडीकच. इंग्रजी नाव मिळाले की आपल्या वस्तूची किंमत वाढते, हा अनुभव नवा नाही.

गिरणीत काय घडते ते थोडक्यात सांगतो. १०० किलो साळ घातली तर सुमारे २० किलो तूस निघते. ते माणसाच्या उपयोगाचे नाही, ते जावयासच हवे. त्यानंतर पॉलिश करताना आणखी ८ ते १० किलो कोंडा व अंकुर निघतो. हाती उरतो ६५ ते ७० किलो पांढरा तांदूळ. या कोंड्यातच दाण्यातील बहुतेक तंतू, तेल, लोह, मॅग्नेशियम आणि ‘ब’ जीवनसत्त्वे साठविलेली असतात. तो जातो कोठे? तेलाच्या कारखान्यात आणि गुराढोरांच्या खाद्यात. गाय-म्हैस पुष्ट व्हावी ही इच्छा चांगलीच आहे. पण घरच्या लेकरांनी त्या कोंड्याला का मुकावे?

या विषयाचे मर्म जगाला कसे कळले, ती कथा मोठी मनोरंजक आहे. गेल्या शतकाच्याही आधी, १८९० च्या सुमारास, जावा बेटातील बटाविया येथे, म्हणजे आजच्या जाकार्ता नगरीत, आइकमन नावाचा एक डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होता. त्या रोगात माणसाचे पाय लुळे पडत, हृदय दुबळे होई, आणि माणूस दगावे. आइकमनच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही तसाच विकार जडला. त्या लडखडू लागल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता असे आढळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील उरलेला पांढरा भात घालण्यात येत होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ लष्करी नसलेल्या कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो बंद केला! कोंबड्यांच्या वाट्याला पुन्हा कोंड्याचा तांदूळ आला आणि त्या चालू लागल्या. एका कंजूष आचाऱ्याने वैद्यकशास्त्रावर एवढे उपकार केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे जावातील तुरुंगांची पाहणी झाली. जेथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळे तेथे रोग फार, आणि जेथे कोंड्यासह मिळे तेथे तो क्वचित, असे दिसून आले. आइकमनला प्रथम वाटले की पांढऱ्या भातात काही विष असून कोंडा हा त्यावरचा उतारा आहे. त्याचाच सहकारी ग्रिन्स याने १९०१ साली उलट सांगितले: विष कसलेही नाही, कोंड्याबरोबर काहीतरी आवश्यक वस्तू निघून जाते. ती वस्तू म्हणजे थायामिन, ‘ब१’ जीवनसत्त्व. १९२९ साली आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या कोकणात व दक्षिणेत उकडा तांदूळ खाण्याची चाल आहे. साळ तुसासह उकडल्याने कोंड्यातील हे जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि मागाहून सडले तरी बरेचसे टिकते. प्रयोगशाळा नसताना ही युक्ती कोणी शोधली असेल, तिला माझा नमस्कार असो.

हा विचार आपल्या दारापर्यंतही एकदा येऊन गेला होता, याचे आपणांपैकी वृद्धांना स्मरण असेल, निदान त्यांनी वाडवडिलांकडून ऐकले असेल. १९३४ च्या डिसेंबरात वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ हे विषय महात्माजींनी ‘हरिजन’ पत्रातून वारंवार हाताळले. पॉलिशच्या तांदळाविषयी डॉक्टरांची मते मागवून ती प्रसिद्ध केली. पुढे दोनच वर्षांनी, १९३६ च्या डिसेंबरात, तापीपलीकडे आपल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष पंडित नेहरू होते. तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शन महात्माजींच्या हस्ते उघडले. बांबू-चटयांचे ते टिळकनगर नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून उभे राहिले, हे सर्व सांगतात. खेड्यातील माणसाने काय खावे हाही त्या चळवळीचा मोठा प्रश्न होता, ते मात्र कोणी सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला; हातसडीच्या धंद्याला संरक्षण द्यावे हा त्यामागील एक हेतू होता. १९९७ साली तो कायदा रद्द झाला. तोवर उखळे परसात पालथी पडली होती.

आणि येथे मला एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हातसडीचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुष होते; मुसळ मात्र स्त्रियांच्या हाती होते. पहाटे घरोट्यावर बसावयाचे, मग कांडण, मग पाणी, मग शेत, अशा जिण्यातून गिरणीने आपल्या आयाबहिणींची सुटका केली. कोणी उद्या घरातील सुनेला म्हणेल की व्याख्यानात सांगितले आहे, आता उखळ बाहेर काढ, तर तो माझ्या व्याख्यानाचा दुरुपयोग होईल. त्याची आता गरजही नाही. रबरी रुळांच्या यंत्रात साळ घातली की तूस तेवढे निघते आणि असडीक तांदूळ मिळतो. काम यंत्राचेच आहे; फक्त गिरणीवाल्याला पुढचे पॉलिश करू नको, किंवा एकदाच हलके कर, असे सांगावयाचे.

आता आकड्यांकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, असडीक तांदळात सुमारे साडेचार. थायामिन पांढऱ्यात ०.०५ मिलिग्रॅम, तर असडीकमध्ये ०.२७, म्हणजे पाचपट. चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, स्थूल व्यक्तींनी पांढऱ्याऐवजी असडीक तांदूळ खाल्ला तेव्हा दिवसभरातील रक्तशर्करेचा चढ सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. त्यात कडधान्याची जोड दिली तेव्हा आणखी थोडा. कडधान्याची ही गोष्ट खिचडी खाणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपल्या खिचडीत तांदूळ फार आणि तुरीची डाळ नावाला, असे होऊ लागले आहे. डाळ वाढवा, त्याला पैसे थोडे लागतील, पण पिशवीतल्या महाग तांदळाहून तो खर्च अधिक सत्कारणी लागेल.

परंतु असडीक तांदूळ हे औषध नव्हे. पिठूळ पदार्थ त्यातही तेवढाच आहे. डॉक्टरांनी एक वाटी भात सांगितला असता, हा चांगल्या जातीचा म्हणून तीन वाट्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्याला विचारल्याशिवाय धान्य बदलू नये, कारण कोंड्यातील फॉस्फरस व पोटॅशियम त्यांना बाधू शकते. व्यापारी मंडळींचीही एक बाजू आहे. कोंड्यात तेल असते, म्हणून असा तांदूळ लवकर खवट होतो. किडीलाही तो अधिक आवडतो. किडीची जाण आपल्यापेक्षा चांगली, असे म्हणावे लागेल! म्हणून वर्षाचा साठा करण्याची आपली रीत येथे चालणार नाही; महिन्या-दोन महिन्यांपुरताच आणावा.

रेशनच्या तांदळावर अवलंबून असणारी कुटुंबेही आपल्या ज्ञातीत आहेत, त्यांना विसरून चालणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरडधान्य १ रुपया किलो दराने देण्याचे ठरले. २०२३ पासून ते धान्य विनामूल्य झाले. परंतु पदरात पडतो तो मुख्यतः गहू आणि पांढरा तांदूळ. २०२१ साली सरकारने लोह, फॉलिक ॲसिड व ‘ब१२’ घातलेला पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा केली. १०० दाण्यांत असा एक दाणा मिसळीत. आणि तो वेगळा दिसतो म्हणून गावोगावी ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी आवई उठली. ती निराधार होती. गिरणीत कोंडा काढावयाचा आणि कारखान्यात दुसरी द्रव्ये घालावयाची, या व्यवहाराचे हसू येते खरे. पण गरिबाच्या ताटात पडलेला दाणा अफवेपायी निवडून फेकून देणे हे त्याहून वाईट.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. असडीक की सडीक, असे आपण विचारतो; खानदेशी माणसाने खरे तर विचारावयास हवे की, हा भात कोणाच्या जागी येऊन बसला? तो बसला आहे भाकरीच्या जागी. त्याच तक्त्यांत पाहा: ज्वारीत तंतू १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, बाजरीत त्याहून थोडे अधिक. असडीक तांदळाच्या दुपटीहून जास्त! दादरची भाकरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, हिवाळ्यात बाजरी आणि वांग्याचे भरीत, हे अन्न सबंध धान्याचे आहे. त्याला ना पॉलिश, ना इंग्रजी नाव. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि परदेशात ज्वारीची पाकिटे मिरवू लागली. आपल्याकडे मात्र मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींपुढे भाकरी ठेवणे अजून कमीपणाचे वाटते. माझ्या मते ज्याला भात हवाच, त्याने असडीक किंवा हलक्या पॉलिशचा घ्यावा, आणि तोही एक वेळ. पण त्याआधी गेलेली भाकरी ताटात परत आणावी. पैसे थोडे असतील तर महाग तांदळाच्या नादी न लागता ज्वारी घ्यावी.

या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवतो. ज्ञातीच्या विद्यार्थी-वसतिगृहात आठवड्यातून चार दिवस तरी रात्री भाकरी असावी, आणि खिचडीसाठी हलक्या पॉलिशचा तांदूळ घ्यावा. भाकऱ्या थापण्यास बाई मिळत नाही, ही अडचण मला सांगण्यात आली आहे. मिळत नाही याचे कारण मजुरी परवडत नाही, एवढेच, ती वाढवावी. दुसरे, सामुदायिक विवाहाच्या पंगतीतून निदान एक भाताचा प्रकार कमी करावा. या सूचना आजच्या सभेत मताला टाकाव्यात, अशी अध्यक्षांना विनंती आहे.

शेवटी भगिनींसाठी शिजविण्याची रीत सांगतो. मघाशी काहींनी तीच विचारली. असडीक तांदूळ धुऊन तासभर भिजत ठेवावा. एका वाटीला अडीच वाट्या पाणी घ्यावे. कुकरमध्ये पांढऱ्याला लागतात त्याहून दोन-तीन शिट्या जास्त द्याव्यात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. प्रथम निम्मा पांढरा, निम्मा असडीक असा मिसळून सुरुवात केली तर मुले कुरकुर करीत नाहीत. खिचडी करावयाची असल्यास तांदूळ आधी भिजवून, डाळ मागाहून घालावी, म्हणजे दोन्ही सारखे शिजतात. वरून कच्चे तेल आणि सोबत भाजलेला पापड अवश्य घ्यावा. तेल मात्र चमच्याने मोजून.