‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क

परदेशीं निघालेल्या मुलाच्या हातावर दहीं ठेवतांना आपण वडीलधारीं माणसें एकच उपदेश करतों: “बाबा, मान खालीं घालून काम कर. वरिष्ठांस उलट बोलूं नकोस.” शिक्षक या नात्यानें मींही तो पुष्कळांना केला आहे. आज तो अर्धा मागें घ्यावासा वाटतो.

कॅनडांत बहुतेक नोकऱ्यांविषयींचे कायदे मध्यवर्ती सरकार नव्हे, तर प्रांत करतात. आपलीं मुलें जेथें मोठ्या संख्येनें जातात, त्या ओंटारिओ प्रांताचेंच उदाहरण घेऊं. १७ मार्च १९६० रोजीं टोरोंटो येथें जलवाहिनीसाठीं खणलेल्या भुयारांत आग लागली आणि ५ इटालियन मजूर मृत्यु पावले. सारे परमुलुखांत पोट भरावयास आलेले. मग चौकशी झाली, कायदे सुधारले. आधीं माणसें मरावीं आणि मग कायद्यास जाग यावी, हा क्रम कोणत्याच देशाला चुकलेला नाहीं.

पुढें १९७२ मध्यें सस्कॅचेवान प्रांतानें, आणि नंतर ओंटारिओनें, कामगारास एक मोलाचा हक्क दिला: जिवास धोका आहे असें मानण्यास कारण असल्यास तें काम नाकारण्याचा. त्याची रीत सोपी आहे. प्रथम वरिष्ठास सांगावयाचें. त्यानें कामगारांच्या प्रतिनिधीसमक्ष तपास करावयाचा. तरीही समाधान न झाल्यास सरकारी निरीक्षकास बोलवावयाचें. या कारणावरून कोणास कामावरून काढणें बेकायदा आहे. पोलीस, अग्निशामक यांसारख्या कांहींच्या बाबतींत मात्र हा हक्क मर्यादित आहे.

अलीकडील सुधारणा दिसावयास किरकोळ आहेत. १ जुलै २०२३ पासून मोठ्या बांधकामांवर स्त्रियांसाठीं स्वतंत्र शौचालय आवश्यक झालें. १ जानेवारी २०२५ पासून बांधकामावरील संरक्षक साधनें ज्याच्या त्याच्या अंगास नीट बसणारीं असलीं पाहिजेत. पुरुषाच्या मापाचा ढिला पट्टा उंचावरून पडणाऱ्या स्त्रीस काय सांवरणार? १ जानेवारी २०२६ पासून २५ वा अधिक नोकर असलेल्या मालकानें जाहीर केलेल्या जागेसाठीं ‘कॅनडांतील अनुभव हवा’ अशी अट घालतां येत नाहीं, आणि बहुतेक जागांचा अपेक्षित पगारही सांगावा लागतो. नवख्या माणसाला दारांतूनच परत पाठविणारी एक अट अशी दूर झाली.

परंतु कर्ज काढून गेलेला, मालकाच्या मर्जीवर परवाना अवलंबून असलेला मुलगा ‘नाहीं’ हा शब्द सहजासहजीं उच्चारणार नाहीं. कायदा त्याच्या पाठीशीं आहे. पण पाठीशीं उभा असलेला दिसत नाहीं, तो आहे हें कोणी तरी सांगावें लागतें.

‘होय गुरुजी’ म्हणावयास आम्हीं मुलांना शिकविलें. तें वावगें नव्हे, पण अपुरें होतें. म्हणून दह्याबरोबर यापुढें एवढें अधिक सांगा: “काम मन लावून कर, पण जिवावर बेतणारें काम कोणी सांगितलें, तर नम्रपणें, परंतु स्पष्टपणें, ‘नाहीं’ म्हण.”