पिकअपला हवेची कमान बसविण्यापूर्वी



पूर्वी बाजाराला माल न्यायचा म्हणजे बैलगाडी जुंपायची, नाहीतर ट्रकची वाट बघत बसायचं. आता बऱ्याच गावांत पिकअप आली आहे. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, जनावरांचा चारा, उन्हाळ्यात फळबाग जगवायला पाण्याची टाकी, सगळं तिच्याच पाठीवर. काही जण मागे हूक लावून छोटा ट्रेलरही ओढतात. मग गाडी मागून बसू लागते. मेस्त्री दोन उपाय सांगतो. एक पाटा वाढवा, नाहीतर हवेची कमान बसवा. या हवेच्या कमानीबद्दल आज बोलायचं आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. हवेची कमान गाडीची मागची बाजू वर उचलते. गाडीने किती वजन न्यावं याची मर्यादा मात्र ती वाढवत नाही. या दोन गोष्टी एकच समजल्या, तर एखाद्या दिवशी घाटात ते जिवावर बेतेल.

हवेची कमान म्हणजे काय?

पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर पोलादी पाटे असतात. त्या पाट्यांवर चेसीस टेकलेली असते. माल भरला की पाटे दबतात. हवेची कमान म्हणजे जाड रबरी फुगा. तो ॲक्सल आणि चेसीस यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना एकेक असा बसवतात. टायरसारखीच त्यात हवा भरायची. हवा वाढवली की फुगा चेसीसला वर ढकलतो. पाटे तसेच राहतात, फुगा त्यांना मदत करतो. गॅरेजमध्ये याला एअर बॅग म्हणतात. अपघातात चालकासमोर फुगते ती एअर बॅग वेगळी, हे लक्षात असू द्या. शिवनेरीसारख्या बसमध्ये धक्के कमी बसतात, तेही हवेच्याच कमानीमुळे. तिथे गाडीची रचनाच तशी केलेली असते. आपल्या पिकअपला आपण नंतर जोड देतो.

जादा पाट्यापेक्षा यात एक सोय आहे. पाटा वाढवला की गाडी कायमची ताठ होते. माल कमी असला तरी दणके बसतात आणि द्राक्षं, टोमॅटो पोचेपर्यंत दबतात. हवा मात्र गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येते. म्हणजे वस्तू कामाची आहे. फक्त तिच्याकडून नको ती अपेक्षा धरू नये.

भार जातो कुठे?

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे चटकन कळेल. गाडीत माल मागे जास्त पडला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पिकअपचंही तसंच आहे. मागच्या चाकांच्या पाठीमागे जे वजन पडतं, ते पुढची चाकं उचलायला बघतं.

एक हिशेब करून बघू. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३ मीटर अंतर आहे. मागच्या चाकांपासून हूक १.२ मीटर मागे आहे. ट्रेलरच्या दांडीचा हुकावर २०० किलो दाब आहे. मग मागच्या ॲक्सलवर किती वजन वाढलं? २०० नव्हे, २८० किलो. वरचे ८० किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. सुकाणू हलकं लागतं, पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत, ओल्या रस्त्यावर वळणाला गाडी सरळच जायला बघते. रात्री दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

आता फुग्यांत हवा भरा. शेपूट वर आली, दिवे खाली आले, गाडी सरळ दिसू लागली. पण मागच्या ॲक्सलवरचे २८० किलो तिथेच आहेत. पुढच्या चाकांवरचे ८० किलोही परत आलेले नाहीत. ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, टायर तेच, ब्रेक तेच. गाडी बसलेली दिसत होती तेव्हा निदान आपण सावध होतो. आता ती सरळ दिसते म्हणून आणखी चार गोण्या टाकण्याचा मोह होतो. खरा धोका इथे आहे.

आधी वजन करा

आरसी बुकात गाडीचं रिकामं वजन आणि मालासकट परवानगीचं एकूण वजन दिलेलं असतं. समजा, एकूण वजनाची परवानगी २,८०० किलो आहे आणि रिकामी गाडी १,६०० किलोची आहे. उरले १,२०० किलो. आता १,००० लिटरची पाण्याची टाकी ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा पाण्याचेच १,००० किलो झाले. टाकी आणि तिचा सांगाडा ६० किलो धरा, पाणी उपसायचं इंजिन १०० किलो, चालक आणि दोन माणसं २०० किलो. बेरीज झाली १,३६० किलो. मर्यादेपेक्षा १६० किलो जास्त. आणि आपण तर म्हणत होतो, एक टाकी तर आहे!

अंदाजावर राहू नका. बाजार समितीच्या आवारात, साखर कारखान्यावर वजनकाटा असतो. आधी सगळी गाडी काट्यावर घ्या. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन बघा. मागच्या ॲक्सलची मर्यादा गाडीच्या पुस्तकात मिळते. टायर किती वजन सोसतो त्याचा आकडा टायरच्या बाजूवर असतो. या सगळ्यांत जी मर्यादा सर्वांत कमी, तीच आपली मर्यादा.

कायद्याचंही बघा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा वजनाला २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड त्यात सांगितला आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून कमान, हूक किंवा ट्रेलर यांवर पैसे घालण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे. ट्रेलर ओढायला ती गाडी मुळात योग्य आहे का, तेही तिथेच विचारावे.

ब्रेकची एक गोष्ट

अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक दांडी आणि तिला जोडलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली आहे हे या दांडीवरून त्या व्हॉल्व्हला कळतं आणि त्याप्रमाणे तो मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी रिकामी तर दाब कमी, भरलेली तर जास्त. आता तुम्ही फुग्यांनी भरलेली गाडी उचललीत. व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक नेमके हवे तेव्हा कमी लागतात. आपल्या गाडीत हा व्हॉल्व्ह आहे का, कमान बसवल्यावर तो पुन्हा कसा जुळवायचा, हे जाणकाराकडूनच करून घ्या. मेस्त्रीला हे माहीत नसेल, तर त्याच्याकडे कमान बसवू नका.

वजन दीडपट झालं की गाडी थांबवायला ब्रेकना दीडपट काम पडतं. वेग दुप्पट झाला की काम चौपट होतं. भरलेल्या गाडीचा वेग कमी ठेवा आणि घाट उतरताना खालच्या गियरमध्ये उतरा.

बसवताना आणि वापरताना

फुग्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा हवी. टायर, पाटा किंवा नटबोल्ट त्याला घासता कामा नये. हवेची नळी सायलेन्सरपासून दूर आणि पत्र्याच्या कडांना न लागेल अशी बांधा. पाट्यांवर वेल्डिंग कधीही करू देऊ नका. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा रस्त्यात तुटतो.

दोन्ही फुग्यांना हवा भरायचे व्हॉल्व्ह वेगळे ठेवा. एकाच नळीने दोन्ही फुगे जोडले, तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या फुग्यात जाते आणि गाडी जास्तच कलते.

हवा किती भरायची? गाडी रिकामी असताना, सपाट जागेवर, पुढच्या आणि मागच्या चाकांवरच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजून वहीत लिहा. माल भरल्यावर पुन्हा मोजा. मागची बाजू मूळ उंचीच्या जवळ येईल इतकीच हवा भरा, त्याहून वर उचलू नका. फुग्यावर जास्तीत जास्त हवेचा आकडा दिलेला असतो, पुष्कळ फुग्यांना तो १०० पौंड असतो. तो ओलांडू नये. माल उतरवल्यावर हवा कमी करा, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं खड्ड्यात उडतात. पण पूर्ण सोडूही नका. कंपनीने सांगितलेली किमान हवा, साधारण ५ पौंड, राहू द्या. नाहीतर फुगा घडी पडून फाटतो. गळती बघायला जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. पंक्चर काढताना चेसीसला जॅक लावणार असाल, तर आधी फुग्यांतली हवा कमी करा. चाकं लोंबकळली की फुगे ताणले जातात.

माल कसा लावावा?

जड माल केबिनच्या बाजूला, खाली, आणि मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे येईल असा लावा. पाण्याची टाकी अर्धी भरून नेऊ नका. चढावर पाणी मागे धावतं, ब्रेक लावला की पुढे आपटतं. ट्रेलरमध्ये जड माल त्याच्या चाकांच्या थोडा पुढे ठेवा. पुष्कळ माल मागे टाकला की ट्रेलर रस्त्यावर शेपटासारखा हलतो आणि गाडीलाही ओढून नेतो. मागच्या बाजूला माणसं तर बसवूच नका. मजूर हे माल नव्हेत.

मग कमान कधी बसवावी? वजन मर्यादेत आहे, तरीही गाडी मागून बसते आणि दिवे वर जातात, तेव्हा जरूर विचार करा. पण त्याआधी पाटे तपासा. एखादा तुटलेला असेल, यू बोल्ट ढिले झाले असतील, शॉकॲब्सॉर्बर गेलेले असतील. ते दुरुस्त करण्यातच अनेकदा काम भागतं. आणि वजनच जास्त असेल, तर त्यावर फुगा हा उपाय नाही. दुसरी खेप करा. एका खेपेचं डिझेल तुटलेल्या ॲक्सलपेक्षा स्वस्तच पडतं.

लक्षात ठेवा:
१. आधी वजनकाटा, मग गॅरेज.
२. कमानीने उंची वाढते, परवानगीचं वजन वाढत नाही.
३. मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह तपासून, जुळवून घ्या.
४. दोन फुग्यांना दोन वेगळे व्हॉल्व्ह ठेवा.
५. माल उतरला की हवा कमी करा, पण पूर्ण सोडू नका.
६. आरटीओला विचारल्याशिवाय बदल करू नका.

हा कागद चालकाला वाचून दाखवा आणि गाडीच्या खणात ठेवा. हंगामाचा माल सुखरूप बाजारात पोचो, आणि तुम्ही सुखरूप घरी या.