बाजाराच्या दिवसाची गोळी

(आभाराच्या उपासनेनंतर आमच्या दवाखान्यातील सिस्टरांनी मंडळीपुढे केलेले भाषण)



आपण दवाखान्यासाठी अर्पण देता तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बाळंतपण, सर्पदंश, मलेरिया असे आजार येत असतील. त्यात माणूस थोड्या दिवसांत बरा होऊन घरी जातो आणि आपण देवाचे आभार मानतो. आज मी अशा एका आजाराविषयी सांगणार आहे, जो थोड्या दिवसांत जात नाही. माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे.

त्या आजाराला आमवात म्हणतात. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी शक्ती देवाने ठेवली आहे, तीच चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते. बोटे, मनगटे, पाय सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर तरी हात उघडत नाहीत. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन ते तीन पट अधिक होतो. उपचार उशिरा सुरू झाले तर सांधे कायमचे वाकडे होतात.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरची बाई आमच्याकडे आली. तिला भाकरी थापता येईना, लेकराला उचलता येईना. मोहाची फुले वेचायच्या दिवसांत ती घरी बसून राहिली, म्हणून घरच्यांनी तिला आळशी ठरवले. भगताकडे झाले. मग बाजारात कोणीतरी गोळ्या दिल्या. त्याने चार दिवस बरे वाटले, पण पुढे तोंड सुजले. ते स्टेरॉइड होते.

डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्सेट लिहून दिले. हे औषध जुने आहे, स्वस्त आहे आणि चांगले आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्या दिवशी रांग मोठी होती. मी पाकिटावर लिहिले, ‘आठवड्यातून एकदा, तीन गोळ्या.’ तोंडी एकदा सांगितले. तिने मान हलवली. गाव लांब म्हणून दोन महिन्यांच्या 24 गोळ्या मी एकदम देऊन टाकल्या.

तिला वाचता येत नव्हते. तिची भाषा पावरी, मी बोलले मराठीत. तिने रोज तीन गोळ्या घेतल्या. आठ दिवसांत पाकीट रिकामे झाले.

तिला झोळीत घालून आणले तेव्हा तोंडभर फोड होते, पाणी गिळवत नव्हते, अंगात ताप होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. मोठ्या दवाखान्यात हलवले, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिले. प्रभूच्या कृपेने ती वाचली. अशा चुकीने माणसे दगावतात, हे मला ठाऊक होते. त्या रात्री मला प्रार्थनासुद्धा सुचली नाही.

ती बरी होऊन घरी गेल्यावर मी तिच्या पाड्यावर क्षमा मागायला गेले. ती म्हणाली, “सिस्टर, तू तेव्हा माझ्याजवळ बसून का नाही सांगितलंस?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

मग मी बसले. पावरी बोलणारी आमची कार्यकर्तीही बरोबर होती. आठवड्यातला कोणता दिवस ती कधीच विसरत नाही, असे आम्ही विचारले. तिने लगेच सांगितले, “बाजाराचा.” मोठ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पुन्हा सुरू झाले. आता बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तीन गोळ्यांची एक पुडी. महिन्याला चारच पुड्या. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी. हे औषध चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत, हे तिला आणि तिच्या नवऱ्यालाही समजावले. आता आम्ही प्रत्येक रुग्णाकडून उलट वदवून घेतो, “सांग बरं, कधी घेशील? किती घेशील?”

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीची हकिकत आहे. सभास्थानातले लोक तिला पाहत आले असतील. प्रभूने तिला पाहिले आणि जवळ बोलावले. बरे करणे त्याच्या हाती आहे, पण जवळ बोलावणे तर आपल्याला जमते ना?

म्हणून दोन विनंत्या. पहिली, या रुग्णांसाठी मदत द्या. गोळीला थोडेच पैसे लागतात. खर्च होतो तो जीपच्या भाड्याला, रक्ततपासणीला आणि पाड्यापर्यंत चालत जाणाऱ्या कार्यकर्तीला, आणि तोही वर्षानुवर्षे. दुसरी, आपल्या मंडळीत कोणाला असा आजार असेल तर त्यांच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण “विश्वास ठेव आणि गोळी सोड” असे कोणी म्हणू नका. घरात कोणाची बोटे सुजत असतील, सकाळी तासभर आखडत असतील आणि सहा आठवडे असेच चालले असेल, तर वात म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

त्या बहिणीची दोन बोटे वाकडीच राहिली. आजार गेलेला नाही. पण मागच्या खेपेला मी गेले तेव्हा तिने स्वतः थापलेली मक्याची भाकरी माझ्या हातावर ठेवली. कडा थोड्या फाटलेल्या होत्या. मी तिच्याजवळ बसून ती सगळी खाल्ली.